टॉप मॉडेल, दिवे घाट आणि आक्का

गाड्या विकण्यात माझा जन्म गेला आणि स्वतःचं वाहन म्हणाल तर आजतागायत स्कूटर. हे वाक्य शोरूममध्ये कधी तोंडातून काढलं नाही, आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. शनिवार पेठेतून रोज हडपसरला स्कूटरवरून जायचं, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडायचा, शोरूमचा निळा कोट चढवायचा आणि समोरच्या माणसाला सांगायचं, की साहेब, तुमच्या कुटुंबाला ही मोठी गाडीच शोभते. लोकांना ते पटायचं. कसं पटायचं, देव जाणे.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "इतकी वर्षं काढलीत, चार शहाणपणाच्या गोष्टी लिहा." मी हो म्हणून बसले. आता लिहायला घेतल्यावर ध्यानात येतंय, की अनुभव ढीगभर आहेत, शहाणपण कुठे ठेवलंय ते काही सापडत नाहीये. माणसं गाडी कशासाठी घेतात, हा माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न. तोच मला अजून नीट सुटलेला नाही.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. मोठी कौटुंबिक एसयूव्ही म्हणजे एक गाडी नसते. नाव एक, चेहरा एक, पण आतून तिचे अनेक प्रकार. त्यांना आम्ही व्हेरियंट म्हणतो, गिऱ्हाईक 'मॉडेल' म्हणतं. सगळ्यात खालचं बेस मॉडेल. त्यात इंजिन असतं, एसी असतो, एअरबॅग असतात, माणसं बसतात आणि गाडी चालते. फक्त वरच्या मॉडेलला जिथे बटण असतं तिथे याला नुसतं काळं झाकण असतं. ते झाकण मालकाकडे रोज बघत राहतं. त्याच्या वरच्या मॉडेलला मोठी स्क्रीन आणि मागचा कॅमेरा. त्याच्या वर सनरूफ, म्हणजे छताला सरकती काच. त्याच्या वर कॅप्टन सीट, म्हणजे मधल्या रांगेत लांबलचक बाकाऐवजी हात टेकायला दांड्या असलेल्या दोन वेगवेगळ्या खुर्च्या. मग गार हवेच्या सीट: सीटच्या आत छोटे पंखे आणि कातड्याला बारीक भोकं, म्हणजे पाठीला घाम येत नाही. आणि सगळ्यात वर, आपण ब्रेक दाबायला विसरलो तर आपणहून ब्रेक दाबणारी गाडी.

यातली मेख अशी, की तुम्हाला हवी असलेली एक वस्तू नेहमी एक पायरी वर असते. माणूस कॅमेऱ्यासाठी एक पायरी चढतो, तिथून त्याला सनरूफ दिसतं. सनरूफला हात लावतो, तर पलीकडे कॅप्टन सीट. त्यात या पायऱ्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं. एका अक्षरापुढे अधिकचं चिन्ह, मग दोन चिन्हं, मग त्याच्यापुढे 'ऑप्शनल'. गिऱ्हाईक गोंधळायचं ते गोंधळायचंच, दर वर्षी कंपनी पायऱ्या बदलायची तेव्हा मीसुद्धा पुरती भंजाळून जायचे. चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, एवढंच काय ते कौशल्य.

आमच्या शनिवार पेठेतले एक गृहस्थ आले होते. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाकी सगळं टॉपचं द्या. छताला भोक नको." मी म्हटलं, "अहो, टॉप मॉडेलला सनरूफ येतंच." तर म्हणाले, "घराचं छत गळतं म्हणून मी दर वर्षी माणूस बोलावतो. गाडीला मुद्दाम भोक पाडून कशाला घेऊ? तुम्ही घ्याल का?" खराडीचं एक जोडपं आलं, दोघंही कॉम्प्युटरवाली. त्याला आपोआप पार्क होणारी गाडी हवी होती. ती शेवटी वैतागून मला म्हणाली, "मॅम, अ‍ॅक्च्युअली पार्किंग मीच करते. याला फक्त बघायचंय." तिला काय हवंय ते त्याने विचारलं नाही, आणि खरं सांगते, मीही नाही. अशी माणसं येत, जात. गाडी घेऊनही जात. काय घेऊन गेली, हे मात्र मला दरवेळी कळलंच असं नाही.

आबा आणि आक्का यांचं मात्र आठवतं. तसा पुरता घोळ माझा परत कधी झाला नाही.

आबा हडपसरच्या पलीकडच्या गावातले. गाव म्हणायचं ते सवयीने. महापालिकेत येऊन जुनं झालं आता, शेतात इमारती उभ्या राहिल्या. पांढरा शुभ्र सदरा, टोपी, आणि हातात गरज नसताना छत्री. बरोबर बायको आक्का, मुलगा संतोष, सून पल्लवी. संतोषचा वाळू-सिमेंटचा धंदा. त्याने शोरूमभर फिरून टॉप मॉडेलच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हीच."

आबांनी हात वर केला. "थांब. बाई, आधी मला सांगा. ह्या गाडीत गाडी लागती का?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "कुणाला लागते?"

"हिला."

आक्का लांब काचेपाशी उभ्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. दार उघडं असलेल्या डेमो गाडीकडे त्या अशा बघत होत्या, की आत कुत्रं बसलंय आणि ते केव्हाही अंगावर येईल.

मग आबांनी सगळं सांगितलं. मुलगी मनीषा चिपळूणला दिलेली, जावई तिकडच्या कारखान्यात. तिचं पहिलंच बाळंतपण. माहेरी आणायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं की प्रवास अजिबात नको, पडून राहा. सासू नाही. म्हणजे आईने जायला हवं. आणि आक्कांना गाडी लागायची. अशी लागायची की लग्नानंतर मुलीचं घर बघायला निघाल्या, त्या साताऱ्याच्या पुढे गेल्याच नाहीत, संतोषला गाडी उलटी फिरवावी लागली. त्यानंतर दोनदा निघाल्या, दोनदा परत आल्या. मुलीचा संसार सुरू होऊन एवढे दिवस झाले, आईने तिचं स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं.

"गोळी घेऊन बघितली का?" मी विचारलं.

"गोळीनं झोप येती आन् झोपेतबी उलटी व्हती," आक्का लांबूनच म्हणाल्या. "यष्टी बरी व्हती. पन आता यष्टीची पायरी गुडघ्यांना चढवत न्हाई."

मी रेल्वे सुचवणार होते. पण गाडी विकायला बसलेल्या बाईने रेल्वे सुचवायची नसते.

"म्हनून म्हनलं, घ्यायची तर लई भारीच घिऊ," आबा म्हणाले. "संतोषची गाडी बारकी हाय. बारकी गाडी लागती. मोठी न्हाई लागत."

आता बघा, इथून माझा घोळ सुरू झाला. मोठी गाडी लागत नाही, असं कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. पण लागते, असंही लिहिलेलं नसतं. आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला 'नाही' म्हणवेना. मी म्हटलं, "आबा, सस्पेन्शन उत्तम आहे. गचके बसत नाहीत." ते खरंच होतं. आबांनी मान हलवली आणि विचारलं, "वास येतो का?" मी हवा शुद्ध करणारं यंत्र दाखवलं, ते वरच्या मॉडेलला. "मागच्या खिडक्या उघडत्यात का?" मधल्या उघडतात, शेवटच्या रांगेच्या नाही, मी सांगितलं. "वरचं झाकण उघाडलं तर वारं मधी येतं का?" येतं, पण सनरूफ त्याच्याही वरच्या मॉडेलला. अशा रीतीने आबा आपल्या बायकोची मळमळ घेऊन एकेक पायरी वर चढत होते आणि मी बरोबर जिना दाखवत होते. दोघांनाही वाटत होतं, की आपण आक्कांसाठी काहीतरी करतोय.

मधेच आबा फोनवर बोलायला बाहेर गेले. आक्का येऊन सोफ्यावर बसल्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी कमरेचा रुमाल काढून नीट पसरून ठेवला. निळ्या काठाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला.

मी हसून म्हटलं, "आक्का, इथे कोणी जागा घेत नाही हो."

"सवय यष्टीची," त्या म्हणाल्या. "रुमाल पडला की जागा आपली. मग कुनीबी येऊंद्या, पाटील येऊंद्या न्हाईतर फौजदार. लगीन झाल्यावर म्हायेरला जाताना ह्ये गर्दीत घुसायचे आन् माज्यासाठी खिडकीतनं रुमाल टाकायचे. पुढल्या बाकावर, डायवरच्या मागं. मी आरामात चढायची." हे सांगताना त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या. मला मजा वाटली. त्यापलीकडे मी त्यात काही पाहिलं नाही, लक्ष माहितीपत्रकात होतं.

टेस्ट ड्राइव्हचा आमचा रस्ता ठरलेला: मगरपट्ट्याला वळसा आणि परत. आबांनी साफ नकार दिला. "सरळ रस्त्याला कुनालाबी न्हाई लागत. घाट दाखवा." मॅनेजरला विचारून आम्ही दिवे घाटात जायचं ठरवलं. संतोष चालवायला बसला. आबांनी नेहमीसारखं पुढचं डावं दार उघडलं, सदरा सावरला आणि बसले. मला सांगावं लागलं, की टेस्ट ड्राइव्हला पुढच्या सीटवर शोरूमचा माणूस बसतो, नियम आहे.

आबांचा चेहरा पडला. संतोष मला हळूच म्हणाला, "मॅडम, आबा पुढेच बसतात. गावात जीप आली तेव्हापासून. रस्त्याने माणसं रामराम करतात ना." पल्लवीनेही सांगितलं, "हो मॅम, फ्रंट सीट म्हणजे आबांची. मी तर कधी बसलेच नाहीये." पण नियम तो नियम. आबा कुरकुरत मधल्या कॅप्टन सीटवर गेले, शेजारच्या कॅप्टन सीटवर आक्का, पल्लवी मागे.

फुरसुंगी गेली, वडकी गेली. मी मागे वळून बोलत होते: आक्का, हात टेका, ही दांडी खाली येते. आक्कांनी डोळे मिटले होते आणि पदर तोंडाला लावला होता. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी लोण्यासारखी चालली होती, खोटं नाही सांगत. पण आक्कांचा रंग उतरत चालला. आबा घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "संतोष, झाकण उघाड, झाकण!" संतोषने सनरूफ उघडलं. वरून वारा आणि डंपरचा धुरळा एकदम आत आला. घाटात रुंदीकरणाचं काम चाललेलं. पुढच्या वळणावर एक चहाची टपरी होती, तिथे कशीबशी गाडी थांबवली.

आक्का उतरून कडेला बसल्या. व्हायचं ते झालं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. आबा छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले, ऊन नसताना. म्हातारा इतका हिरमुसला होता, की मला त्याच्याकडे बघवेना. "ह्याच्यापेक्षा मोठी गाडी हाय का बाई?" त्यांनी मला विचारलं. "मंग हिनं कसं जायाचं? पोरगी एकटी हाय तिकडं."

आक्कांना उभं राहवत नव्हतं. माझं पुढचं दार सताड उघडं होतं, म्हणून मी त्यांना त्याच सीटवर आडवं बसवलं, पाय बाहेर, आणि तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात मागून एक विटांचा ट्रक आला. रस्ता निम्मा खणलेला, त्याला जायला जागा नाही. त्याने जो हॉर्न दाबला तो सोडेचना. त्याच्यामागे आणखी दोन. संतोष ओरडला, "आई, पाय आत घे! मॅडम, बसा, बसा!" मी दार लावलं आणि मागच्या दारातून शिरले, तर आक्कांच्या सीटवर आबांची न मिटलेली छत्री आडवी, म्हणून मिळेल त्या जागी घुसले. ती जागा निघाली शेवटची रांग.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, की शेवटच्या रांगेत दोन मोठी माणसं मजेत बसतात. त्या दिवशी घाटात प्रथमच बसले. गुडघे हनुवटीला, खिडकी उघडत नाही, गाडी वळली की डोकं एकीकडे आणि पोट दुसरीकडे. वरच्या टोकाला जाऊन आम्ही परत फिरलो तोवर माझी बोलती बंद झाली होती. शेजारी पल्लवी म्हणाली, "मॅम, आर यू ओके?" मी मान हलवली. तोंड उघडण्यात अर्थ नव्हता.

आणि पुढून आवाज येत होता आक्कांचा!

"संतोष, दमानं घे, पुढं वळान हाय. त्यो बग, टेम्पोवाला कसा आला. आगं बया, तळं! ह्ये मस्तानी तलाव व्हय? इथनं दिसतंय की सगळं." आधी मला वाटलं, दुसरीच कोणी बाई बसलीय. आबा मधल्या सीटवरून पुढे वाकून बघत होते, तोंड उघडं. घाट उतरला, वडकी आली, फुरसुंगी आली. आक्का बोलतच होत्या. पदर तोंडावरून खाली आला होता. शोरूमपाशी त्या आपल्या आपण उतरल्या आणि चहा मागितला.

मग सोफ्यावर जी चर्चा झाली, ती मी विसरणं शक्य नाही. आक्का बऱ्या का झाल्या? संतोष म्हणाला, पोट रिकामं झालं म्हणून. पल्लवी म्हणाली, एअर प्युरिफायर ऑन केला होता ना, इट वर्क्स. आबांचं म्हणणं, इंजन तापलं की मोठी गाडी बसते, आधी बसलेली नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पोट अजून घाटातच होतं. मी पाणी प्यायले आणि मला जे ठाऊक होतं ते सांगितलं, की या मॉडेलमध्ये गार हवेची सोय फक्त पुढच्या दोन सीटना आहे, मधल्यांना नाही.

"हांऽऽ!" आबांनी मांडीवर थाप मारली. "गार सीट! तरीच! मंग मधल्या सीटबी गार असत्यात असं मॉडेल हाय का?"

होतं. अर्थात होतं. एक पायरी वर.

मला कुठेतरी काहीतरी टोचत होतं. गारव्याने झालं, की पुढे बसल्याने? मला ठामपणे माहीत नव्हतं, आजही कुणी डॉक्टर सांगेल तर ऐकेन. आणि समजा असलं, तरी मी कोण सांगणारी? गाडीत कोणी कुठे बसायचं, हे शोरूमच्या बाईने सांगायचं नसतं. सासू पुढे की सासरा पुढे, यावरून सौदे मोडलेले मी पाहिलेत. मी आक्कांकडे वळून विचारलं, "आक्का, तुम्हाला काय वाटतं? कशाने बरं वाटलं?"

आक्कांनी आबांकडे पाहिलं. आबा सगळ्यात वरच्या मॉडेलचा फोटो डोळ्यांपासून लांब धरून बघत होते, एवढे आनंदात, जशी चिपळूणची वेसच दिसली होती त्यांना.

"मला काय कळतंय त्यातलं," आक्का म्हणाल्या आणि सोफ्यावरचा रुमाल घडी करून कमरेला खोचला.

सगळ्यात वरचं मॉडेल ठरलं. मॅनेजरने माझी पाठ थोपटली. मला त्या दिवशी पाठ थोपटून घ्यावीशी वाटत नव्हती, पण का, तेही सांगता येईना. घरी जाताना मगरपट्ट्याच्या सिग्नलला स्कूटरवर उभी होते आणि माझ्या मनात आलं, आपण पुढे रस्त्याकडे बघत चालवतो म्हणून आपल्याला कधी लागत नाही की काय? सिग्नल सुटला, मागचा ओरडला, विचार तिथेच राहिला.

गाडी द्यायचा दिवस आला. हा आमच्याकडे एक सोहळाच असतो. गाडीवर लाल साटीनचं कापड, सगळ्यांनी मिळून ते ओढायचं, शोरूमच्या मुलांनी टाळ्या वाजवायच्या, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो. आक्कांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, आबांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. पेढे वाटून झाले. इथूनच सरळ चिपळूणला निघायचं ठरलं होतं, मनीषाचे दिवस भरत आले होते. मागे डबे, गोधड्या, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, सगळा संसार भरला होता. आबा दर थोड्या वेळाने मला विचारत होते, "बाई, मधली सीट गार हाय ना नक्की? बटन दाखवा परत." मी परत दाखवत होते. मला आतून धाकधूक. ही बाई पुन्हा साताऱ्याहून परत आली, तर?

संतोषला मी किल्लीची गंमत दाखवत होते. किल्लीवरचं बटण दाबून धरलं की चारही खिडक्या एकदम खाली येतात, उन्हात तापलेली गाडी गार करायला. त्याने दाबलं. काचा सरसर खाली गेल्या. शोरूमच्या मुलांनी उगाचच पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आक्का डाव्या बाजूला उभ्या होत्या. मी त्यांच्याकडेच बघत होते म्हणून दिसलं, नाहीतर मलाही कळलं नसतं. त्यांनी कमरेचा रुमाल काढला, इकडे तिकडे पाहिलं नाही, आणि पुढच्या उघड्या खिडकीतून आत टाकला.

आबा आले. सदरा सावरला, पुढचं डावं दार उघडलं आणि थबकले. नव्या कोऱ्या सीटवर, प्लॅस्टिकचं वेष्टण अजून निघालं नव्हतं त्याच्यावर, निळ्या काठाचा रुमाल.

"ह्यो कुनाचा?"

संतोष म्हणाला, "आई, तुझा रुमाल पडला बघ."

"पडला न्हाई," आक्का म्हणाल्या. "टाकलाय."

पल्लवीने संतोषचा दंड धरला. शोरूमच्या मुलांना काय चाललंय तेच कळेना, एकाने टाळ्यांसाठी हात वर केले होते ते तसेच राहिले. आबा रुमालाकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. सगळ्यांसमोर, नव्या गाडीच्या दारात, इतक्या वर्षांची जागा!

आबांनी रुमाल उचलला. उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पुढल्या बाकावर टाकायचो मी. तुला मागं लागायची म्हनून."

"व्हय," आक्का म्हणाल्या.

"मला ध्यानातच ऱ्हायलं न्हाई गं."

आबांनी रुमाल जिथे होता तिथेच परत नीट पसरून ठेवला. दार आणखी उघडलं आणि बाजूला झाले. आक्का गुडघ्यावर हात ठेवून चढल्या. आबांनी त्यांचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सरकवला, दार लावलं आणि मागे येताना मला दिसलं, की म्हाताऱ्याचे डोळे भरलेत. माझेही भरले, लपवण्यात काय अर्थ आहे. मधल्या सीटवर टेकून त्यांनी मोठ्यांदा घसा खाकरला. "चला. मी बसतो गारेगार. बाई, ते बटन कुठलं म्हनाला?"

गाडी फाटकातून बाहेर पडली. रस्त्यावरचा पानवाला आबांच्याच गावचा, त्याने सवयीने पुढच्या खिडकीकडे बघून हात जोडले, "रामराम आबा!" आणि आक्कांनी आतून हात जोडले.

आमच्याकडे गाडी दिल्यावर काही दिवसांनी गिऱ्हाइकाला फोन करायचा असतो. ठरलेले प्रश्न: गाडी कशी वाटली, कुठली सोय सगळ्यात आवडली, आम्हाला दहापैकी किती गुण द्याल. मी संतोषचा नंबर लावला. उचलला आक्कांनी. मागे कुकरची शिट्टी झाली आणि एक तान्हं पोर टाहो फोडून रडत होतं.

"मुलगी झाली बाई," त्या म्हणाल्या. "दोघी बऱ्या हायती. मी मनीषाच्या सैपाकघरात हाय. लई छान ठेवलंय पोरीनं."

"आणि घाट, आक्का?"

"काय बी झालं न्हाई."

मला खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण इतक्या वर्षांची सवय, ठरलेला प्रश्न तोंडातून गेलाच. सगळ्यात वरचं मॉडेल होतं ते. गार सीट, सरकतं छत, शुद्ध हवा, आपणहून लागणारे ब्रेक, काय म्हणाल ते होतं त्यात. "आक्का, गाडीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं?"

बाळ रडायचं थांबलं होतं.

"रस्ता," आक्का म्हणाल्या. "पुढनं सगळा रस्ता दिसतो की वो."

मी गुण विचारायचे सोडून कागदावर 'रस्ता' एवढंच लिहिलं. पुढची डावी सीट बेस मॉडेललाही असते.